गवत कापण्याच्या यंत्राचें एंजिन : त्याची ओळख व तेलाची निगा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भागांतील बागाईतदारांकडे लहान पेट्रोल एंजिनें किती आलीं याची मोजदाद कोणी केली नसेल. पण ज्याच्या खळ्यावर एकही एंजिन नाहीं असा बागाईतदार आतां शोधावा लागेल. कोणाकडे पाण्याचा पंप, कोणाकडे कोळपणीचें यंत्र, तर कोणाकडे औषध फवारण्याचें. अलीकडे चिकूच्या सपाट बागांतून झाडांच्या ओळींमधील गवत कापण्यासाठीं बसून चालविण्याचें यंत्रही एखाददुसरें दिसूं लागलें आहे. हें यंत्र विशेषेंकरून अमेरिकेंतलें. तेथें घरापुढील हिरवळ कापण्यासाठीं तें पुष्कळांकडे असतें. दिसण्यांत लहानशा ट्रॅक्टरासारखें. पोटाखालीं फिरणारीं पातीं, वर बैठक, आणि बहुधा पुढें बॉनेटखालीं एंजिन. आमच्याकडे आलेलीं जीं दोन-तीन आम्ही पाहिलीं तीं सर्व जुनीं, लिलावांतून घेतलेलीं. असें यंत्र येतांना आपली माहितीपुस्तिका मागें ठेवून येतें, आणि तेथूनच मालकाच्या अडचणींस आरंभ होतो.

आमच्या एका स्नेह्यांनीं असें एक यंत्र दोन वर्षांपूर्वीं एका बंद पडलेल्या विश्रामगृहाच्या लिलावांत घेतलें. बॉनेटवर एका कंपनीचें नांव ठळक अक्षरांत होतें. त्या नांवावरून त्यांनीं मुंबईहून तेलाचा व हवेचा असे दोन फिल्टर मागविले. आले ते बसेनात. दुसऱ्यांदां मागविले, तेही बसेनात. अडीच आठवडे गेले, श्रावणांतलें गवत गुडघ्याच्या वर आलें, आणि मग आम्हांस निरोप आला, “भाऊसाहेब, तुम्हांला इंग्रजी कागद वाचायची संवय आहे, एकदां येऊन पाहतां कां?” आम्हांस एंजिनाचें ज्ञान त्या वेळीं बेताचेंच होतें. उभा जन्म महसुली कारकुनींत गेला. परंतु नोंद कोठें सांपडेल, ती कशी वाचावी आणि कोणत्या नोंदीवर विसंबूं नये, एवढें त्या नोकरीनें शिकविलें होतें, व या कामीं तेंच उपयोगी पडलें. पुढील मजकूर त्या अनुभवावरून, आणि त्यानंतर आम्ही मिळवून वाचलेल्या कारखान्यांच्या पुस्तिकांवरून लिहिला आहे. आमच्या हातून झालेली एक चूकही त्यांत सांगितली आहे. ती लपविली असती तर लेखाचा निम्मा उपयोग गेला असता.

पहिली गोष्ट ही कीं, बॉनेटवरील नांव हें यंत्राचें नांव होय, एंजिनाचें नव्हे. अमेरिकेंत हीं यंत्रें बांधणारे कारखाने बहुतेक वेळां एंजिन दुसऱ्याकडून विकत घेऊन आपल्या सांगाड्यावर बसवितात. जॉन डिअर, हस्कवार्ना, कब कॅडेट अशा नांवांच्या यंत्रांत एंजिन पाहावें तर तें ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचें, कोहलरचें किंवा कावासाकीचें निघतें. एवढेंच नव्हे, तर एकाच नांवाच्या व एकाच रंगाच्या दोन यंत्रांत दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं एंजिनें असूं शकतात. गांवांत शेताला लोक ‘वडाचें शेत’ किंवा ‘नाल्याकडलें’ म्हणतात, आणि बोलण्यापुरतें तें चालतेंही; पण कर्जाच्या किंवा खरेदीच्या वेळीं गट क्रमांकावांचून कोणी बोलूं देत नाहीं. बॉनेटवरचें नांव हें ‘वडाचें शेत’ आहे. गट क्रमांक एंजिनावर कोरलेला असतो, आणि तो शोधल्यावांचून ना फिल्टर मागवावा, ना तेलाचा डबा फोडावा.

आमच्या स्नेह्यांच्या यंत्रांत एंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचें निघालें. हा कारखाना अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत मिलवॉकी येथें १९०८ सालीं स्टीफन ब्रिग्ज व हॅरोल्ड स्ट्रॅटन या दोघांनीं काढला. २०२० सालीं त्यास दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला व तो दुसऱ्या मालकांकडे गेला. तथापि एंजिनें काढण्याचें काम चालूं राहिलें आहे. या कारखान्याच्या एंजिनावर तीन क्रमांक असतात : मॉडेल, टाईप व कोड. ते बहुधा एंजिनाच्या माथ्यावरील पंख्याच्या पत्र्याच्या आवरणावर धातूंत ठोकलेले असतात. कांहीं एंजिनांत व्हॉल्व्हच्या झांकणावर असतात. वरून चिकटविलेल्या रंगीत कागदाकडे पाहूं नये. तो जाहिरातीसाठीं असतो. गवताचा चोथा, धूळ व तेल यांचा थर त्या जागीं इतका बसलेला असतो कीं आंकडे आहेत अशी शंकाही येत नाहीं. एंजिन थंड असतां रॉकेलांत भिजविलेल्या फडक्यानें जागा पुसावी, अंक उजळ होण्यासाठीं पाटीवरचा खडू त्यांवर घांसावा, आणि बॅटरीचा उजेड समोरून न टाकतां बाजूनें टाकावा, म्हणजे खोलगट अंक सांवलीनें उठून दिसतात. जुने ताम्रपट व खांबावरचे लेख वाचणारे लोक हीच युक्ति करितात.

आतां या तीन क्रमांकांचा अर्थ. मॉडेलच्या आरंभींचे एक किंवा दोन अंक हे सिलिंडरचें आंतील माप घनइंचांत सांगतात. आमच्या स्नेह्यांच्या एंजिनावर आरंभीं २८ होते. म्हणजे २८ घनइंच, आणि एक घनइंच १६.४ घन सेंटिमीटरांचा धरल्यास सुमारें ४६० घन सेंटिमीटर. हें एका सिलिंडरचें एंजिन झालें. आरंभीं ४४ असेल तर तें दोन सिलिंडरांचें, सुमारें ७२० घन सेंटिमीटरांचें मोठें एंजिन समजावें. आंकडा जसा वाढतो तसें पोटांत मावणारें तेलही वाढतें, म्हणून हे दोन अंक तेलाच्या दृष्टीनेंही महत्त्वाचे आहेत. त्यापुढील अंक किंवा अक्षरें बनावटीचा प्रकार, दांडा उभा कीं आडवा, बेअरिंग कोणतें, आणि एंजिन दोरीनें सुरूं होतें कीं बॅटरीनें, हें क्रमानें सांगतात. टाईप हा क्रमांक एंजिन कोणत्या यंत्रासाठीं कोणत्या बारीकसारीक फरकानें बांधलें तें दर्शवितो. सुटा भाग मागवितांना तो मॉडेलबरोबर कळवावा लागतो. गट क्रमांकापुढील हिस्सा क्रमांकासारखाच तो समजावा. नुसता गट सांगितला तर भलत्याच्या हिश्शाचा उतारा हातीं येतो.

तिसरा कोड, आणि आम्हांस सर्वांत गंमत त्याचीच वाटली. त्याचे पहिले सहा अंक म्हणजे एंजिन बांधल्याचा दिवस : दोन अंक सालाचे, दोन महिन्याचे, दोन तारखेचे. आमच्या स्नेह्यांच्या एंजिनावर ०३०५१४ असे अंक निघाले. म्हणजे १४ मे २००३. लिलावाच्या यादींत यंत्र २०११ सालचें म्हणून लिहिलेलें होतें! एंजिन बांधल्यावर तें यंत्रांत बसून विकलें जाण्यास कांहीं महिने लागतात हें खरें, पण आठ वर्षें लागत नाहींत. लिलाव ‘जसें आहे तसें’ या अटीवर झालेला; दाद मागण्यास जागा उरली नाहीं. जुनें यंत्र घेऊं इच्छिणाऱ्यांनीं पैसे मोजण्यापूर्वीं बॉनेट उघडून हे सहा अंक वाचावे, एवढेंच आम्ही सुचवितों. एक सावधगिरी मात्र येथें सांगितली पाहिजे. पंख्याचें आवरण चार बोल्टांनीं बसविलेलें असतें व तें एका एंजिनावरून काढून दुसऱ्यावर चढवितां येतें. क्रमांक आवरणाबरोबर जातो. जुळत नाहींसें वाटल्यास, उदाहरणार्थ क्रमांक दोन सिलिंडर सांगतो आणि डोळ्यांना प्लग एकच दिसतो, तर तो उतारा दुसऱ्याच्या शेताचा आहे असें समजावें.

कोहलरच्या एंजिनावरही तीन नोंदी असतात : मॉडेल, स्पेसिफिकेशन व सिरियल. त्यांच्या जुन्या मॉडेलचें नांव वाचण्यास सोपें असे. सीव्ही १५ एस असें असल्यास सी म्हणजे कमांड हें घराणें, व्ही म्हणजे उभा दांडा, १५ म्हणजे घोडे, आणि एस म्हणजे बॅटरीनें सुरूं होणारें. भाग मागवितांना मात्र स्पेसिफिकेशनचा क्रमांक लागतोच. कावासाकीच्या नांवांतील आंकड्यांवरून अनुमान करूं नये. एफआर ६९१ व्ही या एंजिनाचें माप ६९१ नसून ७२६ घन सेंटिमीटर आहे. आमच्याकडील पंपांवर व कोळपणीच्या यंत्रांवर पुष्कळदां होंडाचें जीएक्स २०० हें एंजिन असतें. त्याचें माप १९६ घन सेंटिमीटर असून क्रमांक एंजिनाच्या तळच्या ओतीव भागावर कोरलेला असतो. पंपाच्या एंजिनाचा दांडा आडवा असतो व गवत-कापणीच्या यंत्राचा बहुधा उभा, कारण पातीं जमिनीशीं समांतर फिरवावयाचीं असतात. तेव्हां एकाचें एंजिन दुसऱ्यास बसेल अशी आशा धरूं नये.

घोड्यांच्या आंकड्याविषयीं दोन शब्द. बॉनेटवर इतके घोडे, तितके घोडे असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें, आणि आमचे शेतकरी बंधू बैलजोडी पारखावी तसे त्या आंकड्यावरच भाव करितात. अमेरिकेंत याच आंकड्यांवरून ग्राहकांनीं अनेक उत्पादकांवर फिर्याद केली होती. घोडे खऱ्याहून अधिक लिहिले जातात, असें त्यांचें म्हणणें होतें. तो दावा २०१० सालीं तडजोडीनें मिटला. तेव्हां घोड्यांपेक्षां सिलिंडरचें माप पाहावें हें बरें.

एंजिन कोणतें तें कळलें म्हणजे मग तेलाकडे वळावें, आधीं नव्हे. असें कां म्हणतों तें पुढें दिसेलच.

या लहान एंजिनांत तेल काय करितें? मोटारगाडीच्या एंजिनाभोंवतीं पाणी खेळत असतें. यांना पाणी नाहीं. वरच्या पंख्याचा वारा सिलिंडरभोंवतींच्या धातूच्या पंखांवरून वाहतो, तेवढाच काय तो गारवा. आंतील दट्ट्या, कनेक्टिंग रॉड व दांडा यांची उष्णता बाहेर आणण्याचें काम तेलाकडे असतें. शिवाय घांसणाऱ्या दोन भागांमध्यें पातळ पडदा धरावयाचा, दट्ट्याच्या बाजूनें वायु निसटूं द्यावयाचा नाहीं, आणि काजळी व धातूचा कीस आपल्यांत सामावून घ्यावयाचा, अशीं सर्व कामें त्याचींच. आडव्या दांड्याच्या लहान एंजिनांत रॉडच्या टोकाला एक चमच्यासारखी जीभ असते. ती फेऱ्यागणिक तेलांत बुडून तें चहूंकडे उडविते. उभ्या दांड्याच्या लहान एंजिनांत तेल उडविणारें दांतेरी चाक असतें. मोठ्या एंजिनांत लहान पंप व फिल्टर असतो. जीभ तेलापर्यंत पोंचली नाहीं, तर एंजिन आवाजांत कांहीं फरक न दाखवितां थोडा वेळ चालतें आणि मग एकाएकीं थांबतें.

हें आम्ही पुस्तकांतून सांगत नाहीं. २०१९ सालच्या एप्रिलांत आमच्या थोरल्या बंधूंच्या शेतांत ढोबळी मिरची फळास आलेली होती. पाण्याचा दोन इंची पंप नाल्याच्या उतारावर ठेवला होता. गड्यानें सकाळीं तेल पाहिलें, तें पुरें दिसलें. दिसणारच, एंजिन तेल पाहण्याच्या भोंकाच्या बाजूस कललेलें होतें, आणि असलेलें थोडें तेल सगळें त्याच बाजूस जमलें होतें. दुपारीं तास-दीड तास चालल्यावर खाड् असा आवाज झाला व रॉड मोडून कवचाच्या बाहेर आला. नवें एंजिन येईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मिरचीचीं फुलें गळालीं, असलेल्या फळांवर उन्हाचे पांढरे डाग पडले, आणि ज्या पिकावर पुतणीच्या लग्नाचा खर्च भागवावयाचा बेत होता त्या पिकाचे मजुरीपुरतेही पैसे उठले नाहींत. लग्न पुढल्या वर्षावर गेलें. कमी पडलेलें तेल पावशेराच्या आंतलें असेल.

म्हणून तेल पाहतांना एंजिन सपाट जागीं असावें, हा पहिला नियम. बंद करून निदान पांच-दहा मिनिटें थांबावें, म्हणजे वर उडालेलें तेल खालीं उतरतें. सकाळीं सुरूं करण्यापूर्वीं पाहणें सर्वांत चांगलें. झांकणाभोंवतीं गवताचा चोथा असल्यास तो झांकण उघडण्यापूर्वीं पुसावा, नाहींतर तो आंत पडतो. तेलाची पट्टी, जिला मिस्त्री लोक गेज म्हणतात, बाहेर काढून कोरड्या स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हां घालावी, काढावी आणि मग वाचावी. पहिल्या खेपेचें वाचन धरूं नये.

आतां आमची चूक. गेजची पट्टी पुन्हां घालतांना तिचें आटे असलेलें झांकण फिरवून पूर्ण आवळावयाचें, कीं नुसतें टेकवून वाचावयाचें? होंडाच्या जीएक्स एंजिनाची पुस्तिका सांगते कीं, फिरवूं नका, नुसतें टेकवा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची पुस्तिका सांगते कीं, पूर्ण आवळा व मग काढून वाचा. कोहलरच्या निरनिराळ्या एंजिनांत रीत निरनिराळी आहे. आमच्या घरीं होंडाचा पंप. त्याच्या संवयीनें आम्हीं स्नेह्यांच्या एंजिनाची पट्टी नुसती टेकवून पाहिली. आट्यांच्या उंचीइतकी ती वर राहिली, तेल कमी दिसलें, आम्हीं आणखी ओतविलें. जेथें १.४ लिटर मावावें तेथें जवळजवळ दोन लिटर गेलें. बाजारचा मिस्त्री शेजारीं उभा होता. त्याला विचारलें तर तो म्हणाला, “भाऊसाहेब, तेल जास्त झालें म्हणून कोणाचें एंजिन बिघडलेलें ऐकलें आहे कां?” आम्हीं ऐकलें नव्हतें, म्हणून गप्प राहिलों. यंत्र सुरूं केलें तों निळसर धुराचा लोट निघाला, हवेचा फिल्टर तेलानें भिजला, आणि एंजिन धापा टाकूं लागलें. सुदैवानें लगेच बंद केलें. अधिक तेल घुसळून त्याचा फेंस होतो, आणि फेंसाला पडदा धरतां येत नाहीं. शिवाय जास्तीचें तेल श्वासनळींतून कार्बोरेटरकडे व तेथून सिलिंडरांत जातें. जास्त तेलानें एंजिन बिघडतें, हें आतां आम्हीं ऐकलेलें नव्हे, पाहिलेलें आहे. उलट, होंडाच्या पंपावर पट्टी आवळून पाहणारा मनुष्य कमी तेलाला पुरें समजतो, व ती चूक अधिक महाग पडते. एंजिनाची ओळख आधीं व तेल मागाहून, असें आम्ही म्हणालों तें याचसाठीं.

तेल कोणतें घालावें यांतही कारखान्यांचें एकमत नाहीं. डब्यावर एसएई असें लिहून पुढें आंकडा असतो, तो दाटपणाचा. अमेरिकेंतील मोटार-एंजिनिअरांच्या संस्थेनें १९११ सालीं ही पद्धति प्रथम घालून दिली. नुसता ३० असेल तर तें एकेरी तेल. १० डब्ल्यू-३० असें असेल तर थंडींत तें १० सारखें पातळ राहतें, आणि एंजिन तापल्यावर ३० इतका दाटपणा धरतें. डब्ल्यू हें अक्षर हिंवाळ्याचें. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या पुस्तिकांतील तक्त्याप्रमाणें ४ अंश सेल्सिअसच्या वरील हवेंत ३० नंबरचें तेल चालतें, आणि २७ अंशांच्या वर १० डब्ल्यू-३० घातल्यास तेल अधिक जळतें. होंडाची पुस्तिका सर्वसाधारण वापरास १० डब्ल्यू-३० च सांगते. आमच्या किनाऱ्यावर २७ अंशांच्या खालची दुपार पौष-माघांतही क्वचितच मिळते. म्हणून स्नेह्यांच्या यंत्रास आम्हीं ३० नंबर ठरविलें. तें गांवच्या दुकानांत नव्हतें. तालुक्याच्या बाजारांत तिसऱ्या दुकानीं मिळालें. दुकानदार २० डब्ल्यू-४० पुढें करितो, कारण फटफटीसाठीं तेंच खपतें. दुकानांत काय खपतें हें आपलें प्रमाण नव्हे. पुस्तिकेंत जें लिहिलें असेल तें मागावें.

डब्यावर एपीआय या अक्षरांपुढें आणखी दोन अक्षरें असतात. एस नें आरंभ होणारीं पेट्रोलच्या एंजिनासाठीं, सी नें आरंभ होणारीं डिझेलसाठीं. एस पुढील अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें तितकें तेल नव्या कसोटीचें. एसजे किंवा त्यापुढचें घेतल्यास जुन्या एंजिनासही चिंता नाहीं. आणि टू-टी लिहिलेलें तेल या एंजिनांच्या पोटांत कदापि घालूं नये. तें पेट्रोलांत मिसळून जाळण्यासाठीं असतें. खांद्यावरच्या गवत-कापणी यंत्रांपैकीं टू-स्ट्रोक जातीच्यांना तें लागतें. एकाच गोठ्यांत दोन्ही जातींचीं यंत्रें असलीं व डबे शेजारीं ठेवले, म्हणजे गडबडींत काय होईल तें सांगावयास नको. डबे निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवावे.

तेल बदलण्याच्या मुदतीही एंजिनागणिक वेगळ्या आहेत. नवें किंवा नव्यानें बांधलेलें एंजिन असेल तर पहिलें तेल लौकर काढावें लागतें, कारण नवे भाग एकमेकांवर घांसून बसतांना धातूचा कीस निघतो. ब्रिग्जच्या पुस्तिका त्यासाठीं पहिले ५ ते ८ तास सांगतात व पुढें जुन्या एंजिनांस दर ५० तासांनीं, किंवा तितके तास न भरल्यास वर्षांतून एकदां. नव्या कांहींस १०० तास. होंडाच्या जीएक्सला पहिला महिना किंवा २० तास, आणि पुढें सहा महिने किंवा १०० तास, यांत जें आधीं येईल तें. त्यांत तेल ०.६ लिटर मावतें. आमच्या लाल धुळीच्या बागांत हे आंकडे पूर्ण होण्याची वाट पाहूं नये. पावसाळ्यांत गवत ओलें असतें तेव्हां धूळ नसते. पण दिवाळीनंतरच्या कापणींत यंत्राच्या मागें धुळीचा ढग चालतो. त्या दिवसांत हवेचा फिल्टर दर खेपेस काढून पाहावा. धूळ तेलांत गेली म्हणजे तेल कानसेचें काम करूं लागतें.

बदलण्याची कृति अवघड नाहीं. एंजिन पांच-सात मिनिटें चालवून तेल कोमट करावें, म्हणजे गाळ ढवळून तेलाबरोबर निघतो. मग बंद करून किल्ली काढावी, आणि प्लगची वायर ओढून बाजूस बांधून ठेवावी; पातें हातानें फिरलें तरी एंजिन पेटूं शकतें, व याबाबत हयगय केल्यानें बोटें गेलीं आहेत. तळचा बोल्ट किंवा नळीचें बूच उघडून तेल पसरट भांड्यांत घ्यावें. फिल्टर असल्यास तो बदलून नव्याच्या रबरी कड्याला तेलाचें बोट लावावें, हातानें टेकेपर्यंत फिरवावा व मग अर्धा ते पाऊण फेरा आणखी. पान्यानें आवळूं नये. नवें तेल मापानें घालावें, आणि तेंही सारें एकदम नव्हे : पाऊण माप घालून थोडें थांबावें, मग पट्टी पाहत पाहत पुरें करावें. अर्धें मिनिट चालवून, बंद करून, गळती पाहावी व पट्टी पुन्हां वाचावी, कारण फिल्टरनें कांहीं तेल पिऊन घेतलेलें असतें. काढलेलें तेल बांधावर किंवा ओहोळांत ओतूं नये. आमच्याकडे विहिरी उथळ आहेत. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठीं तें फांसण्याची जुनी रीत आहे, पण पावसानें तेंही जमिनींतच उतरतें. घट्ट बुचाच्या डब्यांत सांठवून गॅरेजवाल्यास द्यावें. जुनें तेल गोळा करणारे त्याच्याकडे येत असतात.

एक लक्षण असें आहे कीं तें पाहून पुष्कळ लोक संतोष पावतात, आणि संतोषाचें कारण मुळींच नसतें. आपण तेल घातलेलें नाहीं, तरी पट्टीवर तेल पहिल्यापेक्षां वर चढलेलें दिसतें. एंजिन तेल प्रसवत नाहीं. कार्बोरेटरांतील सुई अडकून टांकींतलें पेट्रोल रात्रभर झिरपतें, सिलिंडरांत उतरतें आणि तेथून खालच्या तेलांत मिसळतें. पट्टीचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला व तेल पाण्यासारखें गळालें, तर एंजिन सुरूं करूं नये. सुई साफ करवून किंवा बदलून, तेल सर्व काढून, नवें घालावें. काम संपल्यावर टांकीखालचा कॉक बंद करण्याची संवय ठेवल्यास हा प्रसंग बहुधा येत नाहीं. कॉक नसेल तर तो बसवून घेतां येतो. पावसाळ्यांत पट्टीवरचें तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी आहे. तेंही काढून टाकावें.

वर्षांतून एकदां पंख्याचें आवरण काढून सिलिंडरभोंवतींचे धातूचे पंख मोकळे करावे. स्नेह्यांच्या यंत्रांतून आम्हीं ओंजळभर वाळलें गवत आणि उंदराचें जुनें घरटें काढलें. इतक्या कोंदट जागीं तेल ३० नंबरचें काय आणि ४० नंबरचें काय, जळणारच होतें. ब्रिग्जच्या पुस्तिका १५ अंशांहून अधिक उतारावर यंत्र चालवूं नये असें सांगतात. त्याहून अधिक कलल्यास तेल एका बाजूस जातें, आणि मिरचीच्या पंपाचें जें झालें तेंच येथें होतें. चढउताराची बाग असेल तर हें यंत्र घेऊंच नये, असें आमचें मत आहे.

शेवटीं नोंदवहीचें. तासांचें घड्याळ एंजिनावर असलें तर उत्तम. नसलें तर टांकी किती तासांत रिकामी होते तें एकदां घड्याळ लावून पाहावें व पुढें टांक्यांवरून तास मोजावे. शंभर पानी वहींत पहिल्या पानावर मॉडेल, टाईप व कोड उतरून घ्यावे. इंग्रजी ८ आणि बी, तसेंच ० आणि ओ, यांत घोटाळा होतो, म्हणून दोघांनीं निरनिराळें वाचून ताडून पाहावें. आणि मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावें तें निराळेंच. पुढील पानांवर तारीख, तास, घातलेलें तेल व त्याचा नंबर, एवढे चार रकाने पुरेत. दोन कापण्यांमध्यें वरून किती तेल घालावें लागलें हें लिहीत गेल्यास एंजिनाची प्रकृति कळते. हा आंकडा वाढत चालला म्हणजे दट्ट्याच्या रिंगा झिजत आहेत असें ओळखून हंगामापूर्वीं पैशाची तजवीज करितां येते. स्नेह्यांच्या वहींत गेल्या पावसाळ्यांत दर दहा तासांस एक चहाचा कप तेल अशी नोंद आहे. त्या वयाच्या एंजिनास हें फार नाहीं. त्यांनीं बॉनेटच्या आंतल्या बाजूस पांढऱ्या रंगानें तीन ओळी लिहून घेतल्या आहेत : मॉडेलचा क्रमांक, “३० नंबर, १.४ लिटर”, आणि “झांकण पूर्ण आवळून पाहणें”. तिसऱ्या ओळीखालीं आमची सही घेण्याचा त्यांचा आग्रह होता. ती आम्हीं केली नाहीं.